पाऊण जीबी

१२ एप्रिल २००८

आज पुन्हा मशीन गोठलं. तेच पान, सेव्ह करताना. सकाळपासूनचं सगळं काम गेलं. माऊस उचलून भिंतीवर मारावासा वाटला. मारला नाही, कारण नवा आणायला पुन्हा दिनेशलाच सांगावं लागलं असतं.

तोंडाने मी त्याला ‘अहो’च म्हणते. नाव फक्त या वहीत लिहिते. दुपारी लोडशेडिंग सुरू झालं की मशीन बंद आणि वही चालू.

लग्नाचे फोटो तो काढतो, अल्बम मी बनवते. सिडकोतल्या घराची मागची खोली माझी. फोटोशॉप मी क्लास लावून शिकले, आणि आता दिनेशच्या अल्बमचं जे कौतुक होतं ते या खोलीत तयार होतं. सध्या मनमाडच्या सुलाबाईंचा अल्बम हातात आहे. त्यांचे मालक रेल्वेत होते, मुलीचं लग्न ठरायच्या आधीच गेले. सुलाबाईंनी त्यांच्या पासावरचा फोटो दिलाय, ओल लागून डाग पडलेला. “सुवर्णाच्या पाठीशी त्यांना उभं करता आलं तर बघा,” एवढंच बोलल्या. दुसरा फोटो नाही म्हणे, धड असा एकही नाही. डाग पुसायचे, कोट चढवायचा, मांडवातला उजेड त्यांच्या चेहऱ्यावर आणायचा. थरावर थर चढलेत. मशीनला पेलवत नाही. मेमरीबद्दल काहीतरी इंग्रजी पाटी येते, मी चिडून ओके दाबते आणि पडदा थिजतो.

म्हणून किती दिवस मागे लागून मेमरी वाढवून घेतली. परवा दिनेश मशीन एम. जी. रोडला घेऊन गेला, संध्याकाळी आणून ठेवलं. “चार जीबी टाकली. आता पळेल.”

आज माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून पाहिलं. ३.२५.

“अहो, पाऊण जीबी कमी दाखवतंय.”

“असेल काहीतरी. चालतंय ना?”

“चालत नाहीये, तेच तर सांगतेय.”

“बघू,” म्हणाला, आणि कॅमेऱ्याची बॅग उचलून इगतपुरीच्या लग्नाला निघून गेला.

सासूबाई दाराशी मेथी निवडत होत्या. त्यांनी जन्मभर मखमलाबादच्या मळ्यातली भाजी बाजारात बसून विकली. मेमरी म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही, पण चाराच्या जागी सव्वातीन म्हटल्यावर सगळं समजलं. “माप मारलं त्यानं,” म्हणाल्या. “जाय, अन् त्याच्या तोंडासमोर मोजून घे.”

या घरात माझी बाजू घेणारं एवढंच माणूस निघालं.

१५ एप्रिल

रिक्षात सीपीयू मांडीवर घेऊन एम. जी. रोडला गेले. मांडीला अजून वळ आहे.

दुकानदाराचं नाव लखन. काउंटरवर दोन पुरुष आले, त्यांच्याशी बोलून झालं, तिसरा आला, त्याच्याशीही झालं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “सर नाही आले?”

“मशीन मी वापरते.”

त्याने मशीन जोडलं, चालू होताना येणाऱ्या काळ्या पडद्यावर बोट ठेवलं. “बघा मॅडम, चार हजार शहाण्णव. पूर्ण आहे.”

“मग विंडोजमध्ये सव्वातीन का?”

“विंडोज तेवढीच घेतं.”

“का?”

“तसंच असतं.”

तसंच असतं. हे उत्तर मी परकर नेसत होते तेव्हापासून ऐकतेय. मी म्हटलं, “तुमच्या काळ्या पडद्यावर काम करायचं का मी? मला जिथे काम करायचंय तिथे कमी आहे.”

“सरांना पाठवा. मी त्यांना नीट समजावतो.”

“मला समजवा.”

तो हसला. रागावला असता तर चाललं असतं. माझ्यासमोर त्याने दिनेशला फोन लावला, “सर, मॅडम आल्यात,” म्हणाला, आणि पाठ वळवून हळू आवाजात काहीतरी बोलला. मग फोन माझ्याकडे दिला. दिनेश म्हणाला, “तू घरी जा बरं. उगाच शोभा नको.”

शोभा. येताना रिक्षावाल्याशीही भांडले. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं.

१८ एप्रिल

स्वतः उघडलं. लखनने मेमरीतली एक पट्टी खोटी घातली असणार, असा माझा संशय होता. स्क्रू काढले, सासूबाईंनी बॅटरी धरली. आत एवढी धूळ की त्यांनी आधी झाडायचा कुंचाच मागितला.

दोन पट्ट्या, प्रत्येकी दोन जीबी. एक काढून मशीन चालू केलं. पूर्ण दोन दाखवले. तिला काढून दुसरी लावली. तिनेही पूर्ण दोन दाखवले. खाचा बदलून पाहिल्या. तेच. दोन्ही एकत्र लावल्या की सव्वातीन.

म्हणजे पट्ट्या खऱ्या आहेत. लखनने माप मारलेलं नाही. याचाही राग आला. चोर सापडला असता तर निदान कुणाला तरी धरता आलं असतं.

मग त्रिमूर्ती चौकातल्या कॅफेत बसून इंटरनेटवर वाचलं. इंग्रजी वाचता वाचता डोकं दुखलं, पण समजलं ते असं. आमचं विंडोज ३२ बिटचं आहे. त्याची पंगत चार जीबीचीच, त्याहून एक पान जास्त मांडता येत नाही. त्या पंगतीत ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डावरची बाकीची मंडळी आधीच जागा राखून बसतात. मानाच्या पाहुण्यांसारखी. मेमरी दारात उभी असते, पूर्ण असते, पण तिच्यासाठी पान उरत नाही.

एवढं साधं होतं. लखनला हे सांगता आलं असतं. त्याने मला सांगायच्या लायकीचंच समजलं नाही.

उपायही वाचला. ६४ बिटचं विंडोज टाकायचं. त्याची पंगत मोठी.

दिनेशला जेवताना सांगितलं. पट्ट्या मी काढल्या म्हटल्यावर त्याचा घास हातातच राहिला. “शॉक बसला असता म्हणजे?” एवढंच म्हणाला. नंतर बराच वेळ गप्प होता. त्याला कौतुक वाटलं असावं, बोलून दाखवायची सवय नाही त्याला.

२२ एप्रिल

आज एक चांगली गोष्ट झाली. दिनेशने मला मदतनीस आणला. बारकू नाव, नांदगावचा, पस्तिशीचा असेल. तिथल्या छापखान्यात होता, छापखाना बंद पडला. हात स्वच्छ आहे त्याचा, बोलणं मऊ.

“सीझन आहे, तुला दम घ्यायलाही फुरसत नाही,” दिनेश म्हणाला. “तू कसं कसं करतेस ते सगळं त्याला दाखव. काही राखून ठेवू नकोस.”

“मी कशाला राखून ठेवू?”

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझं काम जड आहे हे त्याच्या लक्षात आलं. मशीनचा राग होता तो थोडा निवळला. बारकूला केस कसे कापायचे ते शिकवलं, म्हणजे फोटोतले, एकेक बट सुटी ठेवून. तो म्हणाला, “वहिनी, आमच्या छापखान्यात हे कात्रीनं करायचे, म्हणून सगळ्या नवऱ्या टकल्या दिसायच्या.” खूप दिवसांनी हसले.

मी तयार केलेली पानांची सगळी डिझाइनं दिनेशने एका डिस्कवर कॉपी करून घेतली. बॅकअप हवाच, म्हणाला. मीच त्याला कितीदा हे सांगितलं होतं.

२६ एप्रिल

सगळं संपलं.

कॅफेवाल्याकडून ६४ बिटच्या विंडोजची सीडी मिळाली. आज ते टाकलं. सकाळपासून त्यात होते. मध्ये वीज जाणार हे धरून घाई केली. शेवटी माय कॉम्प्युटर उघडलं.

३.२५.

मी तिथेच बसून राहिले. मग एकेक गोष्ट कळत गेली. स्कॅनर ओळखत नाही. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चालत नाही, ‘चि. सौ. कां. सुवर्णा’च्या जागी नुसते चौकोन. सुलाबाईंच्या मालकांचा फोटो मला पुन्हा एकदा मोठा करून स्कॅन करायचा होता, कारण डाव्या कानाजवळ डाग राहिलाय. आता तोही होणार नाही. पाऊण जीबी मिळाला नाही, आणि होतं ते गेलं.

बारकू बाहेर जाऊन बसला. मी रडत होते म्हणून नाही, शिव्या देत होते म्हणून.

सासूबाईंनी डोक्यावर हात ठेवला, मी तो बाजूला केला. त्यांना लागलं असेल. संध्याकाळी मुकाट्याने त्यांच्या शेजारी बसून मिरच्यांची देठं काढली.

दिनेश आला, ऐकलं, आणि म्हणाला, “कशाला त्या मशीनच्या मागे लागलीस? तुझे डोळेही खराब झालेत. थोडा आराम कर आता.”

त्याला माझी काळजी वाटते. पण या वेळी काळजी नको होती मला, मेमरी हवी होती.

२ मे

पुन्हा लखनकडे. या वेळी काउंटरसमोर उभीच राहिले. “बाकीच्यांचं होऊ द्या,” म्हणाला. मी म्हटलं, “होऊ द्या. मी इथेच आहे, आणि मोठ्याने बोलणार आहे.”

मी ३२, ६४, ग्राफिक्स कार्ड, सगळं सांगितलं. दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या तपासल्याचंही सांगितलं. तेव्हा त्याने पहिल्यांदा मला बसायला स्टूल दिलं.

“मॅडम, हा बोर्डच जुन्या घडणीचा आहे. राखीव जागांमागे अडकलेली मेमरी वर सरकवायची सोय काही बोर्डांत असते, तुमच्यात नाही. कुठलंही विंडोज टाका, सव्वातीनच दिसणार.”

“हे तेव्हाच का नाही सांगितलं?”

“सरांना सांगितलं होतं ना. मेमरी टाकायच्या आधीच. बोर्ड बदला म्हटलं. सर म्हणाले, दुकानासाठी नवीन मशीन घ्यायचंच आहे, याच्यावर आता खर्च नको.”

“कुठलं दुकान?”

लखनने माझ्याकडे पाहिलं, आणि एकदम त्याला प्रिंटरची केबल शोधायची आठवण झाली.

रिक्षात बसल्यावर आधी रागाने कानशिलं तापली. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. मी पट्ट्या काढत होते, सीडी आणत होते, रडत होते, आणि हा ‘असेल काहीतरी’ म्हणत होता. शालिमार चौक येईपर्यंत मनात त्याच्याशी भांडत होते.

मग लक्षात आलं. दुकान. नवीन मशीन. तो गुपचूप दुकान बघतोय. मला मागच्या खोलीतून बाहेर काढून नीट जागी बसवायचं, आणि तोवर बोलायचं नाही, असं असणार. परवा माझ्या टेबलाची लांबीरुंदी मोजत होता, मी विचारलं तर ‘सहज’ म्हणाला. बारकूही त्याचसाठी आणला. इतकी वर्षं संसार केला, तरी याचं मन मला वाचता आलं नाही.

रागही आहे आणि हसूही येतंय. त्याला काही विचारणार नाही. पडद्यावर उजेड पडायला नको म्हणून टेबल खिडकीला पाठ करून ठेवायचं, हे मात्र वेळेवर सांगायला हवं.

५ मे

काल जुनं विंडोज परत टाकलं, स्कॅनर लावला, मराठी अक्षरं परत आली. सुलाबाईंचं पान उघडलं आणि चक्क सेव्ह झालं. मेमरी तीच, सव्वातीन. तरी एकदाही अडखळलं नाही. कानाजवळचा डागही गेला.

आज दुपारी तेच पान पुन्हा गोठलं.

या वेळी माऊसवर हात आपटला नाही. काल चाललं, आज नाही, आणि मेमरी तर बदलली नाही. मग काय बदललं? सकाळी दिनेशने दोन लग्नांचे सगळे फोटो नेहमीसारखे डेस्कटॉपवर ओतले होते. मी पाटी पुन्हा येऊ दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा ती शेवटपर्यंत वाचली. ‘स्क्रॅच डिस्क’ भरली आहे, असं लिहिलं होतं. मेमरीचा त्यात शब्दच नव्हता. मागे कधीतरी एकदा मेमरीची पाटी आली असेल, त्यानंतर मी प्रत्येक पाटीत मेमरीच वाचत होते.

फोटोशॉपला कच्चं काम पसरायला हार्ड डिस्कवर मोकळी जागा लागते. ती त्याने सी ड्राइव्हवर धरली होती, आणि सी ड्राइव्ह दिनेशच्या फोटोंनी गच्च. डी ड्राइव्ह रिकामा पडलेला. सेटिंगमध्ये जाऊन सी च्या जागी डी केला. झालं. पान लोण्यासारखं हलायला लागलं. बारकूने वाचून सांगितलं की आपलं फोटोशॉप तसंही पूर्ण चार जीबी वापरूच शकत नाही. म्हणजे तो पाऊण जीबी मिळाला असता तरी काहीच फरक पडला नसता.

लखनशी भांडले, रिक्षावाल्याशी भांडले, सासूबाईंचा हात झटकला. कशासाठी, तर जो कधी उपयोगी पडणारच नव्हता त्यासाठी. मी आणि बारकू खूप हसलो.

हसता हसता तो म्हणाला, “वहिनी, तिकडच्या मशीनलाही हे एवढं करून द्या ना. नांदगावला मी एकटाच असणार. अडलं तर तुम्हाला विचारायला कुठं येऊ?”

“नांदगावला?”

“दुकानात. पुढच्या आठवड्यात उघडतंय ना.” मग त्याचा चेहरा पडला. “दादांनी सांगितलं नाही?”

मी विचारलं, “आणि इथे?”

तो स्टुलावरून उठला. मग म्हणाला, “इथलं काम बंद करणार म्हणाले दादा. वहिनींना आराम देणार म्हणाले. मला वाटलं तुम्हीच मागितला.”

पुढे लिहवत नाही.

६ मे

दिनेश बूट काढत होता तेव्हाच विचारलं. त्याने नाकारलं नाही, एवढं त्याचं मानते.

“घरी बायको करते म्हटलं की लोक म्हणतात, मग काय, घरचंच आहे. डोक्यावर बसतात. दुकान आहे, ऑपरेटर आहे म्हटलं की गप्प राहतात. धंदा असा असतो, ज्योत्स्ना.”

“मग मला दुकानात बसवायचं.”

“नांदगावला रोज जाणार आहेस का तू?”

“दुकान नांदगावलाच का घेतलं?”

मग म्हणाला, “तुझ्या भल्यासाठीच केलं. तुला आराम मिळावा म्हणून.”

“मी आराम मागितला नव्हता. मी मेमरी मागितली होती. तीही मिळणार नाही हे तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं, आणि तुम्ही मला त्या मशीनशी झुंजू दिलं. का, तर मी तिकडे गुंतून राहावं म्हणून.”

“तसं नाही.”

“माझ्याच हाताने त्याला शिकवून घेतलंत. राखून ठेवू नको म्हणालात.”

सासूबाई आतून आल्या. “दिन्या, तिला इचारलं व्हतं का?”

“आई, तुला यातलं कळत नाही.”

“मला मशीनीतलं नाय कळत,” त्या म्हणाल्या. “इचारलं व्हतं का, ते सांग.”

तो बूट तसेच पायात घेऊन बाहेर गेला.

आता आठवतंय एकेक. टेबल मोजणं, कॉपी करणं, लखनचं फोनवर पाठ वळवून बोलणं. सगळं मीच या वहीत लिहून ठेवलंय, आणि मलाच दिसलं नाही. लखनचा राग यायला सोपा होता. रोज लखनवर रागावून घेत होते.

११ मे

सुलाबाई मनमाडहून अल्बम न्यायला आल्या. दिनेश खुर्चीवर, मी पाणी घेऊन उभी. त्या एकेक पान उलटत होत्या. ते पान आलं तेव्हा हात थांबला. सुवर्णाच्या मागे, खांद्याच्या जरा वर, तिचे वडील. मी त्यांना हसवलं नव्हतं. पासावरच्या फोटोत होते तसेच गंभीर ठेवले होते, फक्त मांडवाचा पिवळा उजेड दिला होता.

सुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, “असेच उभे राहिले असते. हसले नसते. कुणी केलं हे?”

“आमचा ऑपरेटर आहे,” दिनेश म्हणाला.

“मी केलं,” मी म्हटलं. “ऑपरेटर वगैरे कुणी नाही. मागच्या खोलीत मी करते.”

दिनेशने खाली पाहिलं. सुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझा हात धरून म्हणाल्या, “तुमचा नंबर द्या बाई. इगतपुरीला माझे भाऊ आहेत, भिमाजी. फोटोचाच धंदा आहे त्यांचा. अल्बमला माणूस मिळत नाही म्हणून रडत असतात.”

मी माझा नंबर सांगितला. दिनेशसमोर, एकेक आकडा सावकाश.

१९ जून

बरेच दिवस वही उघडली नाही. वेळच नव्हता.

नांदगावचं दुकान सुरू झालं. मी उद्घाटनाला गेले नाही. बारकूचा फोन येतो, अडलं की विचारतो, मी सांगते. त्याच्यावर माझा राग नाही.

भिमाजींचं काम येतंय. त्यांनी आणखी दोघांना सांगितलं. तेही डीव्हीडी दारातून देतात, नाव लिहून जातात. मशीन तेच आहे, बोर्ड तोच. मी आता डेस्कटॉपवर कुणालाही काहीही ठेवू देत नाही.

राग गेलेला नाही. सकाळी चहा गाळताना येतो, त्याचे शर्ट वाळत घालताना येतो. कधी जाईल माहीत नाही. जावा असंही रोज वाटत नाही.

आज दुपारी दिनेश हातात डीव्हीडी घेऊन खोलीत आला आणि स्टुलावर बसला. “बारकू साधी पानं करतो. ही एवढी चार-पाच तू कर. पार्टी मोठी आहे.”

“आज भिमाजींचं आहे. उद्याही त्यांचंच. मग त्या दोघांचं. त्यानंतर बघते.”

“ज्योत्स्ना, मी नवरा आहे तुझा.”

“म्हणून तर आत येऊन बसलात. बाकीचे दारातूनच देऊन जातात.”

तो उठला नाही. मी काम करत राहिले. थोड्या वेळाने सासूबाई चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोनच कप होते. एक त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि दुसरा स्वतः घेऊन खिडकीशी बसल्या.